नात्यात नसलेला माणूस

नेटा थीसनच्या मेडिकल प्रवेशाच्या अर्जावर शिफारस करणाऱ्यांसाठी तीन चौकटी होत्या. दोन भरून आठवडा झाला होता, तिसरी कोरीच होती. पहिल्या चौकटीत विनिपेगच्या विद्यापीठातल्या प्राध्यापिका डॉ. हॅल्पर्न. दुसरीत, नेटा शनिवार-रविवार ज्या वृद्धाश्रमात काम करायची, तिथल्या मुख्य नर्स कोराझोनबाई. तिसरीखाली छापले होते, की उमेदवाराला निदान सहा वर्षे ओळखणारी, कॉलेज आणि नोकरीच्या बाहेरची एक व्यक्ती हवी. आणि ही व्यक्ती रक्ताच्या किंवा लग्नसंबंधाच्या नात्यातली नसावी.

"मग अडलंय कुठं?" ट्रीन मावशीने विचारले. ती टेबलाच्या पलीकडे बसून प्लममधल्या बिया काढत होती. "सहा वर्षं काय घेऊन बसलीस! तू जन्मल्यापासून तुला ओळखणारे चारशे लोक आहेत गावात."

"त्यातला नात्यात नसलेला एक सांग."

मावशीने तोंड उघडले. एक नाव ओठांवर आले, आणि तिने तोंड मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. असे चार वेळा झाल्यावर ती मुकाट्याने प्लमकडे वळली.

नॉयहाइम हे मॅनिटोबाच्या सपाट गव्हाळ मुलखातले मेनोनाइटांचे, म्हणजे साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथाचे, गाव. टेलिफोनच्या पुस्तकात गावाला तीन पाने होती आणि त्या तीन पानांत मिळून जुनी आडनावे होती आठ. पेनर इतके, की चक्कीवाले पेनर, मधमाश्यावाले पेनर, उंच पेनर आणि त्यांचा बुटका भाऊही उंच पेनरच, अशा खुणा ठरून गेल्या होत्या. सव्वाशे वर्षे ही आठ घराणी एकमेकांत मुली देत आणि घेत आली होती. दोन माणसे बोलायला उभी राहिली, की पाऊसपाण्याआधी नात्याचा धागा हुडकायचा आणि तो सापडला की समाधानाने सूर्यफुलाच्या बिया फोडायला लागायचे, हा गावचा शिरस्ता.

गेल्या वर्षी नेटाने हाच अर्ज भरला होता, तेव्हा तिसऱ्या चौकटीत पाद्री रेम्पेल यांचे नाव घातले होते. पाद्री प्रामाणिक माणूस. त्यांनी पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिले, 'उमेदवार ही माझ्या पत्नीच्या आतेबहिणीची मुलगी.' दुसऱ्या ओळीत, गावच्या रीतीप्रमाणे तोंडावर स्तुती करणे वाईट म्हणून, त्यांनी लिहिले, 'हिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.' तिसरी ओळ सहीची. मार्चमध्ये नकार आला. कारण दिलेले नव्हते. पण ट्रीन मावशीने ते लगेच शोधून काढले.

"नातं! त्या आतेबहिणीनं घात केला," असे ती तेव्हा म्हणाली होती, आणि गावाने ते मानले होते. दुसऱ्या ओळीबद्दल कुणालाच काही वावगे वाटले नव्हते. उलट पाद्रींनी जरा जास्तच कौतुक केले, असे दोन-तीन जणांचे मत पडले.

म्हणून यंदा नेटाने ठरवले, की नात्याचा वाससुद्धा नसलेला माणूस शोधायचा. अर्जाची मुदत पंधरा ऑक्टोबर, आणि सप्टेंबर निम्मा सरला होता.

पहिल्यांदा ती तिच्या शाळेतल्या क्लासेन बाईंकडे गेली. बाईंनी तिला सहा वर्षे शिकवले होते. "अगं, आनंदानं लिहीन!" त्या म्हणाल्या. "नातं म्हणशील तर आपलं काहीच नाही." मग त्यांनी खुर्चीत जरा सावरून बसत छताकडे पाहिले. "थांब हं. तुझे आजोबा याकोब. त्यांची मावसबहीण सारा. ती कुणाला दिली होती? आमच्या चुलतकाकांना! बघ, म्हणजे मी तुझी लांबची आत्या लागते. अगं बाई, आणि इतकी वर्षं मला पत्ताच नाही!" त्यांनी उठून नेटाला मिठी मारली, बरणीभर बीटाचे लोणचे दिले आणि पत्राचा विषय तिथेच संपला.

मधमाश्यावाले पेनर साडूच्या साडूकडून मामा निघाले. दुकानदार फ्रीझन आधी कुणीच निघाले नाहीत, नेटाचा जीव भांड्यात पडतोय, एवढ्यात त्यांची बायको आतून ओरडली, "अहो, तिची आई आणि माझी वहिनी मावसबहिणी!" आठवडाभरात नेटाला अकरा नवे नातेवाईक मिळाले, दोन लग्नांची आमंत्रणे मिळाली, लोणच्याच्या चार बरण्या मिळाल्या, आणि शिफारस करणारा मिळाला नाही.

यात एक नवीनच लचांड उपटले. एखादी चोवीस वर्षांची मुलगी घरोघर जाऊन 'आपलं काही नातं लागतं का?' असे विचारत फिरते, तेव्हा तिच्या मनात काय असते, हे नॉयहाइमला सांगावे लागत नाही. तिला लग्न करायचे असते आणि मुलगा फार जवळचा तर नाही ना, याची ती खात्री करून घेत असते. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तीन बायकांनी ट्रीन मावशीला तारीख विचारली. चक्कीवाल्या पेनरांचा मुलगा, ज्याच्याशी नेटा जन्मात दहा वाक्येसुद्धा बोलली नव्हती, तो केस चापून बसवून रस्त्यात तिला 'नमस्कार' म्हणू लागला.

शेवटी पोस्टातल्या हेल्गा डिक यांनी सुटका केली. टपाल देता देता त्या म्हणाल्या, "मुली, तू आठच आडनावांत कशाला फिरतेयस? गावात नववं आडनाव आहे की. मॅकलिंटॉक."

नेटाने हातातले टपाल पुन्हा काउंटरवर ठेवले.

लॉर्न मॅकलिंटॉक तीस वर्षांपूर्वी ऑन्टारिओहून आले, रेल्वेलगतच्या धान्याच्या उंच कोठाराचे व्यवस्थापक म्हणून. आता ते निवृत्त होते, सहासष्ट वर्षांचे होते, विधुर होते, आणि गाव त्यांना अजून 'तो नवा माणूस' म्हणत असे. त्यांचे कुणाशी नाते नव्हते, आणि नेटाला ते आठ वर्षे चांगले ओळखत होते. कारण आठ वर्षांपूर्वी, गाडी शिकत असताना, नेटाने मावशीचा पिकअप ट्रक मागे घेण्याऐवजी पुढे घेतला होता आणि मॅकलिंटॉकांच्या गॅरेजचे लाकडी दार फोडून थेट त्यांच्या माशांनी भरलेल्या फ्रीझरपर्यंत नेला होता.

"त्या माणसाकडं?" ट्रीन मावशी म्हणाली. "मुळीच नाही! किती ओरडला होता तो, आठवतंय ना?"

"मावशी, त्यांच्या घरात ट्रक शिरला होता."

"म्हणून काय झालं? हळू आवाजात सांगता येत नाही का माणसाला?"

मावशी त्या दिवसापासून मॅकलिंटॉकांशी बोलत नव्हती. रस्त्यात दिसले तर ती मान किंचित लववायची, तेही समोरचा कुत्रा असता तरी लववली असती, इतपतच. पण नेटाची गोष्ट वेगळी होती. त्या अपघातानंतर मॅकलिंटॉकांनी तिला सांगितले होते, "दार तू मोडलंस, तूच बसव. मी दाखवतो." सहा शनिवार ती त्यांच्याकडे जाऊन रंधा मारायला, चौकट गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, आणायला, बिजागऱ्या बसवायला शिकली होती. सहाव्या शनिवारी त्यांनी दार उघडून-मिटून पाहिले होते आणि 'हं' म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी नेटा त्यांच्या गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिली. तेच दार होते. अजून सरळ होते.

"डॉक्टर व्हायचंय?" मॅकलिंटॉकांनी अर्ज हातभर लांब धरून पाहिला. "गेल्या वर्षी नाही घेतलं का?"

"नाही."

"मूर्ख आहेत. का नाही घेतलं?"

"पत्र नात्यातल्या माणसाचं होतं, असं आम्हाला वाटतं."

"हं." त्यांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. "हे बघ पोरी. मला तू दार बसवताना कशी असतेस ते माहीत आहे. बाकी काही माहीत नाही. मी पंचवीस वर्षं गहू पारखला. शेतकरी ट्रक घेऊन यायचा, वरचा गहू सगळ्यांचाच चांगला असतो. मी लांब नळी खुपसून वरचा, मधला आणि तळाचा दाणा काढायचो, मग प्रत लिहायचो. तुझं वरचं मी पाहिलंय. मधलं आणि तळाचं पाहिल्याशिवाय सही करणार नाही."

"म्हणजे काय करणार?"

"चौकशी. तू राहतेस कुणाकडं?"

नेटाने मावशीचे नाव सांगितले. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. वडील दुसरे लग्न करून सस्कॅचेवानला गेले. तेव्हापासून तिला ट्रीन मावशीने वाढवले होते. स्वतःचे लग्न, स्वतःचे घर, सगळे 'पुढं बघू' म्हणत बाजूला सारून. नेटाच्या तळाचा दाणा कुणापाशी असेल तर तो मावशीपाशीच होता.

मंगळवारी संध्याकाळी मॅकलिंटॉक वही घेऊन आले. मावशीने त्यांना बसायला स्वयंपाकघरातली सगळ्यात डगमगती खुर्ची दिली.

"लोएव्हनबाई," ते मावशीला म्हणाले, "मुलीबद्दल विचारायला आलोय."

"विचारा."

"तिचे दोष सांगा."

मावशीची मान ताठ झाली. बाहेरच्या माणसाने घरातल्या मुलीचे दोष विचारायचे म्हणजे काय! पण खोटे बोलायचे नाही, हेही रक्तातच होते. "भांडी भिजत टाकते आणि विसरते," ती ओठ घट्ट करून म्हणाली.

मॅकलिंटॉकांनी ते लिहून घेतले. "आणखी?"

"सकाळी उठल्यावर अर्धा तास तिच्याशी बोलायची सोय नसते. आणि वृद्धाश्रमातून यायला दर वेळी उशीर. का, तर त्या म्हाताऱ्या वीबबाईंना हातानं भरवल्याशिवाय निघत नाही. त्यांना एक घास गिळायला पाच मिनिटं लागतात. किती वेळा सांगितलं, पाळी संपली की निघावं!"

पेन्सिल थांबली. "हा दोष?"

"जेवण गार होतं ना माझं!" मावशी म्हणाली.

वहीत काय लिहिले गेले, ते दाराआड उभ्या असलेल्या नेटाला दिसले नाही. पण गुरुवारी मॅकलिंटॉक पुन्हा आले. 'मधला नमुना' राहिला होता म्हणे. शनिवारी आले ते हातोडी आणि सरस घेऊन, आणि आधी त्यांनी ती डगमगती खुर्ची दुरुस्त केली. पुढच्या मंगळवारी नेटा घरी आली, तर दाराशी त्यांचे बूट आणि आत प्लमच्या केकचा वास. मावशी आपल्या लहानपणीची काहीतरी गोष्ट सांगत होती आणि मॅकलिंटॉक मोठ्याने हसत होते. वही टेबलावर बंद पडलेली होती.

नेटाला हायसे वाटले. चला, पत्र चांगले होणार!

गावानेही ते बूट पाहिले होते. आठवड्यातून तीनदा, एका अविवाहित मुलीच्या घराच्या दाराशी. आणि तीच मुलगी नुकतीच नात्यात नसलेला माणूस शोधत होती. दोन अधिक दोन करायला नॉयहाइमला वेळ लागला नाही. चक्कीवाल्यांच्या मुलाने केस पुन्हा पहिल्यासारखे विस्कटलेले ठेवायला सुरुवात केली. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मावशी कपडे वाळत घालायला मागे गेलेली असताना, पाद्री रेम्पेल टोपी हातात फिरवत आले. नेटाने त्यांना कॉफी आणि लोणी लावलेला पाव दिला.

"नेटा," पाद्री म्हणाले, "मॅकलिंटॉक माणूस चांगला आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तू नीट विचार केलायस ना?"

"खूप केला. गावात दुसरं कुणी उरलंच नव्हतं."

पाद्रींना हे फार लागले. "असं म्हणू नये. वयाचं काय?"

"वयाची अट नाही. सहा वर्षांची ओळख पाहिजे, तेवढी आहे. आणि वय जास्त असलेलं बरंच की. त्यांच्या शब्दाला वजन राहतं."

"तुझ्या मावशीला हे पसंत आहे?"

"आधी नव्हतं. आता तर तीच त्यांची वाट बघत बसते."

पाद्रींनी पाव खाली ठेवला. "पोरी, ही जन्माची गाठ असते."

"छे!" नेटा हसली. "त्यांनी एकदा सही केली की झालं. पुढं तोंड बघितलं नाही तरी चालतं."

"नेटा!"

"खरंच. आणि ते एकटे थोडेच आहेत? डॉ. हॅल्पर्न आणि कोराझोनबाईंनी आधीच हो म्हटलंय. एकूण तीन लागतात."

पाद्री रेम्पेल यांना ठसका लागला. तो थांबवायला नेटाला त्यांच्या पाठीवर चांगल्या चार थापा माराव्या लागल्या. ठसका ओसरल्यावर काय ते उलगडले, आणि मग बराच वेळ दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. तेवढ्यात मागच्या दारातून रिकामी टोपली घेऊन मावशी आत आली. पाद्रींनी सुटकेचा निःश्वास टाकून सांगितले, "ट्रीन, गंमत ऐक! लोकांना वाटतंय मॅकलिंटॉक या घरात लग्नाच्या विचारानं येतात!"

मावशी हसली नाही. तिचा चेहरा बीटासारखा लाल झाला, ती टोपली घेऊन आली तशीच परत गेली आणि नुकतेच वाळत घातलेले ओले कपडे काढू लागली.

चौदा ऑक्टोबरला मॅकलिंटॉकांनी पत्र पाकिटात घातले, पाकिटाच्या जोडावर नियमाप्रमाणे आडवी सही केली आणि स्वतः पोस्टात नेऊन दिले. पंधरा तारखेपासून त्यांनी मावशीच्या घरी पाऊल टाकले नाही.

पहिला आठवडा नेटाने मनावर घेतला नाही. दुसऱ्या आठवड्यात ते दुकानापाशी दिसले. नेटा आणि मावशीला येताना पाहून ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, आणि पलीकडे काहीच नसल्यामुळे रिकाम्या शेताकडे बघत उभे राहिले. मावशी दर मंगळवारी केक करायची आणि तो अख्खाच्या अख्खा शेजारी देऊन टाकायची.

"तुमचं काही भांडण झालं का?" नेटाने विचारले.

"नाही."

"त्या अफवेचा त्यांना राग आला का?"

"प्लेट आण," मावशी म्हणाली.

नेटाला राहवेना. आपल्या एका चौकटीपायी दोन म्हाताऱ्या माणसांची नुकतीच जुळलेली मैत्री मोडली, हे तिला खाऊ लागले. ती मॅकलिंटॉकांकडे गेली. त्यांनी गॅरेजचे दार चार बोटे उघडले.

"माझं काही चुकलं का?"

"नाही. चांगली आहेस. घरी जा."

"मावशी तुमची वाट बघते."

दाराच्या फटीतून दिसणारा त्यांचा एक डोळा क्षणभर चमकला. "असं म्हणाली ती? नको, नको सांगूस! मला काही सांगू नकोस. निकाल लागला की बोलू." आणि दार मिटले. ते अगदी आवाज न करता मिटले. ते तिनेच बसवले होते.

फेब्रुवारीत मुलाखतीचे बोलावणे आले. आदल्या रात्रभर हिमवादळ झाले आणि सकाळी नेटाने खिडकीतून पाहिले तर घरापासून महामार्गापर्यंतचा सगळा रस्ता बर्फाखाली. आता शहर कसे गाठायचे, या विचाराने ती रडकुंडीला आली, तोच ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. मॅकलिंटॉक पुढे फाळ लावलेला ट्रॅक्टर घेऊन मावशीच्या अंगणापासून बर्फ लोटत निघाले होते. मावशी गरम कॉफीचा थर्मास घेऊन धावली. त्यांनी तो घेतला नाही, हातानेच 'मागे हो' अशी खूण केली आणि थेट महामार्गापर्यंत रस्ता मोकळा करून परस्पर निघून गेले. मावशी थर्मास छातीशी धरून अंगणात बराच वेळ उभी होती.

मुलाखतीत तिघे होते. त्यातल्या पिकल्या केसांच्या शल्यचिकित्सकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दार बसवताना आधी काय पाहायचं? बिजागरी की चौकट?"

नेटा क्षणभर गोंधळली. मग तिला हसू आले. "चौकट," ती म्हणाली. "ती गुण्यात नसेल तर बिजागरीला दोष देऊन उपयोग नसतो." डॉक्टर मान हलवून काहीतरी लिहू लागले, आणि तिथून पुढे नेटाची भीती गेली. वीबबाईंच्या घासांबद्दलही त्यांनी विचारले. त्या जानेवारीत वारल्या होत्या. नेटाने त्यांच्याबद्दल सांगितले तेव्हा कुणीही घड्याळाकडे पाहिले नाही.

मेच्या बारा तारखेला जाड पाकीट आले. मावशीने ते वाचले, पुन्हा वाचले, मग एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. 'बरं झालं,' एवढेच म्हणाली. नॉयहाइममध्ये याहून मोठे कौतुक करत नाहीत. नेटा तिच्या गळ्यात पडली. तिला कितीतरी बोलायचे होते. नवव्या वर्षापासूनचे सगळे. पण तिच्याही तोंडून 'हो ना' याच्यापलीकडे काही निघाले नाही.

पाकीट येऊन तास झाला नसेल, तोच दारावर थाप पडली. पोस्टातल्या हेल्गाबाईंनी आपले काम चोख केले होते. दारात मॅकलिंटॉक उभे होते. दाढी केलेली, कोट घातलेला, आणि गळ्यात टाय.

"मिळाला प्रवेश?" त्यांनी विचारले. "नक्की? लेखी?"

"लेखी," नेटा म्हणाली. "तुमच्यामुळं. तुम्ही काय लिहिलं होतं हो?"

"ते सांगायचं नसतं." ते आत आले आणि टोपी काढून मावशीसमोर उभे राहिले. "लोएव्हनबाई, सात महिने झाले. आता उत्तर द्यायला हरकत नाही."

नेटा दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली.

"चौदा ऑक्टोबरला, पत्राला सही करायच्या आधी, मी हिला लग्नाचं विचारलं," मॅकलिंटॉक म्हणाले. "कधीपासून विचारायचं होतं, धीर होत नव्हता. विचारलं आणि मग तो कागद समोर आला. शिफारस करणाऱ्यासाठी सूचनांचा वेगळा कागद होता, तुला तो दिसला नसेल. मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हिनंच वाचून दाखवला. उमेदवाराशी नातं नसावं, आणि निकाल लागेपर्यंत नातं जुळलं तर कार्यालयाला कळवावं. म्हणजे ही 'हो' म्हणाली असती, तर मी तुझा मावसा झालो असतो आणि पत्र बाद! मग मीच म्हटलं, निकालापर्यंत तू 'हो' म्हणू नकोस आणि 'नाही'ही म्हणू नकोस. मला उत्तरच माहीत नसलं, तर लपवायला काही उरत नाही. आणि समोर आलो असतो तर मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. म्हणून आलो नाही."

नेटाला सगळे आठवले. ती रिकाम्या शेताकडे बघणारी पाठ, ती दाराची फट. तिच्या एका चौकटीसाठी सहासष्ट वर्षांचा माणूस एका शब्दाची वाट बघत अख्खा हिवाळा एकटा बसला होता.

"हा बघ कागद," मॅकलिंटॉकांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी काढली. "खिशात ठेवला होता, मोह होऊ नये म्हणून. वाच."

नेटाने घडी उलगडली. पहिली सूचना त्यांनी सांगितली तशीच होती. दुसरीही. तिसरी त्याच्या खालीच होती: 'येथे नातेवाईक म्हणजे आई-वडील, भावंडे, पती किंवा पत्नी आणि मुले. इतर नात्यांना ही अट लागू नाही.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. क्लासेन बाई चालल्या असत्या. पाद्री चालले असते. पेनर, फ्रीझन, सगळे गाव चालले असते. आणि मावसा तर कधीही चालला असता. तिने सावकाश मान वर केली. मॅकलिंटॉकांच्या खांद्यामागे, चुलीपाशी, ट्रीन मावशी लाकडी चमचा हातात धरून उभी होती. तिने नेटाकडे रोखून पाहिले आणि मान केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे हलवली.

"बरोबर आहे ना?" मॅकलिंटॉकांनी विचारले.

"हो," नेटा म्हणाली. पुढे ती जे म्हणाली, त्यातले काहीही खोटे नव्हते. "तुम्ही केलंत ते अगदी बरोबर केलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"दार चांगलं बसवलं होतंस," ते पुटपुटले, आणि डोळ्यांत काहीतरी गेल्याचे निमित्त करून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

ते गेल्याबरोबर नेटा वळली. "मावशी!"

"हळू बोल."

"सात महिने! तू ती ओळ वाचलीच नाहीस!"

"वाचली की. मनात वाचली." मावशीने चमचा खाली ठेवला. "खोटं एक अक्षर बोलले नाही मी. तिथं थांबले, एवढंच. अगं, एकसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. एका संध्याकाळीत काय उत्तर देऊ? आठ वर्षं ज्याच्याशी बोलले नाही, त्याला? ती ओळ समोर आली आणि वाटलं, ही असू दे आपल्यापाशी. विचार करायला मला जरा वेळ मिळेल."

"आणि ते मध्येच कंटाळून गेले असते तर?"

"तेही कळायला नको का?" मावशी म्हणाली. मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाली, "आणि तुझं मार्गी लागल्याशिवाय मला माझं ठरवता आलं नसतं. तुझ्यामुळं अडले असं नव्हे हं. मलाच ते जमलं नसतं. त्या तुझ्या चौकटीचे आभार मानावे तेवढे थोडे. नाहीतर तो मेला जन्मभर पलीकडच्या बाजूनं मान लववत गेला असता."

"त्यांना सांगणार आहेस कधी?"

"सांगेन की. लग्न झाल्यावर. जेवण झाल्यावर सांगितलेलं बरं असतं पुरुषांना."

बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज आला. "लोएव्हनबाई," मॅकलिंटॉक दारातून म्हणाले, तेही अगदी हळू आवाजात, "घाई नाही. पण मला अजून उत्तर मिळालेलं नाही."

मावशीने एप्रन सोडून नेटाच्या हातात दिला. खिडकीच्या काचेत बघून तिने केसांची एक बट कानामागे सारली, ती पुन्हा पुढे ओढून पाहिली, मग परत मागे सारली.

"अजून एक मिनिट थांबा," ती म्हणाली, आणि ते मिनिट संपायच्या आतच बाहेर गेली.